नुसते उडवले, मारले कुठे?

जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाच्या काठावर, म्हणजे पक्षी अभयारण्यातच, यंदाही तेच चालले आहे. गाडी थेट चिखलापर्यंत न्यायची, स्पीकर लावायचा आणि उथळ पाण्यात रोहित पक्षी दिसले की आरडाओरडा करत त्यांच्याकडे धावायचे. थवा उठला की व्हिडिओ तयार. हटकले की उत्तर ठरलेले : नुसते उडवले, मारले कुठे? जालन्याहून सहलीला जाणारी शिकलेली घरेही हेच म्हणतात, म्हणून हे उत्तर नीट तपासले पाहिजे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस घ्या. मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून तो येतो, ते हिवाळा काढायला आणि परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायला. पाणी ओसरलेल्या काठावर तो मान खाली घालून गवत चरतो. त्याला उठवले की चरणे थांबते आणि साठवलेली ताकद खर्च होते. एकदाच उठवले तर तो भरून काढेलही. पण रविवारी एक टोळी गेली की दुसरी येते आणि प्रत्येकीला वाटते, आपण एकदाच तर उडवले. पंगतीतल्या पाहुण्याला घासाघासाला उठवायचे आणि वर विचारायचे, ताट कुठे हिसकावले? मेलेला पक्षी दिसतो, अर्धपोटी परतलेला दिसत नाही. सारी सबब या न दिसण्यावर उभी आहे. कायदा मात्र मारण्यापाशी थांबत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 27 नुसार अभयारण्यात प्राण्यांना छेडणे आणि कचरा टाकणे, दोन्हींना मनाई आहे.

‘हे तर माणसाने बांधलेले धरण, अभयारण्य कसले?’ असेही म्हणतात. धरण 1976 चे, अभयारण्य 1986 चे, हे खरे. पण बांधलेले पाणी वगळले तर जालन्याकडे उरते काय? घाणेवाडीचा तलावही बांधलेलाच, आणि शहराच्या नळाला येणारे पाणी याच जायकवाडीचे. गाळपेर करणारा शेतकरीही काठावर वावरतोच की, हा आक्षेप अधिक रास्त आहे. पण तो पोटासाठी तिथे असतो, पक्ष्यांमागे धावायला नव्हे. कोरड्या जिल्ह्यातल्या माणसाला एक दिवस पाण्याकाठी घालवावासा वाटला, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. पैठणला जा, संत एकनाथांच्या समाधीचे दर्शन घ्या, मग काठावर या. चरणाऱ्या हंसांच्या माना वर झाल्या की समजा, आपण फार जवळ आलो; तिथेच थांबा, दोन पावले मागे या. शाळांनी एवढे वर्गात शिकवावे आणि मगच सहलीची बस सोडावी.