खेळणे आणि खेळविणारा

छत्तीसगडात पोळ्याला ‘पोरा’ म्हणतात. महाराष्ट्रात श्रावणी अमावास्या म्हणून जो दिवस येतो, तोच तिकडील पौर्णिमान्त गणनेत भाद्रपदाची अमावास्या ठरतो. दिवस एकच, महिन्याचे नाव तेवढे निराळे. त्या दिवशी भिलाईच्या आसपासच्या गावांत कुंभाराच्या भट्टीतून निघालेले मातीचे बैल घरोघर येतात. त्यांना चाके असतात आणि त्यांचे नाव ‘नंदिया बैला’. म्हणजे साक्षात शंकराचे वाहनच अंगणात उतरलेले. मुलींच्या वाट्याला मातीचे जाते, चूल आणि इवलाली भांडी येतात. विदर्भातल्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ज्यांनी लहानपणी ओढले असतील, त्यांना हा सोहळा परका वाटणार नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही खेळणी मुलांच्या हाती एकदम पडत नाहीत. आधी त्यांची पूजा होते, ठेठरी-खुरमीचा नैवेद्य दाखविला जातो, आणि मगच मुले दोरी धरून बैल ओढू लागतात. घटकेपूर्वी जे देव होते ते आता खेळणे झाले. देव होते तेव्हाही ते मातीच होते. आणि खेळणे झाल्यावर त्यांतला देव निघून गेला असे कोणी मानीत नाही.

भिलाईचे नाव देशाला ठाऊक झाले ते पोलादामुळे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतले तांबडे खनिज तेथे वितळू लागले. याच नगरापासून सुमारे १४ किलोमीटरवर गनियारी हे गाव आहे. पारधी समाजात जन्मलेल्या आणि पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्यातच नोकरी केलेल्या पांडवानी गायिका तीजनबाई या गनियारीच्या. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. परंतु येथे प्रस्तुत आहे तो त्यांचा मान नव्हे, त्यांच्या हातातला तंबोरा.

पांडवानी म्हणजे पांडवांची गाथा. महाभारताची ही लोकपरंपरा अर्जुनापेक्षाही भीमाला अधिक जवळ करते. गाणारा एक, ‘हो’ला ‘हो’ देणारा एक रागी, आणि थोडी वाद्ये. एवढ्यावर अठरा अक्षौहिणी सेना उभी करावयाची असते. तीजनबाई उभ्या राहून गायिल्या. या शैलीस कापालिक म्हणतात. बायकांनी गावयाचे तर बसून, वेदमती शैलीत, असा तोवर प्रघात होता. त्यांच्या हातात मोरपिसांनी सजविलेला तंबोरा असे. कथा रंगात आली की तोच तंबोरा खांद्यावर चढून भीमाची गदा होई, आडवा धरला की अर्जुनाचे धनुष्य होई, आणि दुःशासनवधाच्या प्रसंगी तोच द्रौपदीचा केशसंभार होई. पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा उभा राही. भोपळा तोच, दांडा तोच, तारही तीच. मग गदा आली कोठून?

हा प्रश्न पोरकट वाटेल, पण तो महाभारताचाच प्रश्न आहे. त्या ग्रंथात खेळण्यांची उणीव नाही. सर्वांत घातक खेळणे म्हणजे शकुनीचे फासे. ते त्याच्या मृत बापाच्या हाडांचे होते आणि त्याचा शब्द ऐकत, अशी एक लोककथा सांगतात. व्यासांच्या ग्रंथात ही जादू नाही. तेथे शकुनीचे कसब आहे, कपट आहे, आणि ‘नाही’ म्हणण्याचे बळ नसलेला एक धर्मराज आहे. लोककथेने हाडांची कल्पना का केली असेल? बहुधा यासाठी की, एवढा अनर्थ साध्या हस्तिदंताच्या वा लाकडाच्या तुकड्यांनी झाला हे मनाला पटत नाही. दोष वस्तूवर टाकला म्हणजे माणसाला सुटका मिळते. परंतु वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची कथा सांगतात आणि शेवटी अक्षविद्येचे मर्म त्याला देतात. ज्या फाशांनी राज्य गेले, त्यांचीच विद्या! पुढे विराटाच्या घरी तो कंक या नावाने फासे टाकूनच अज्ञातवासाचे वर्ष काढतो. फाशांनी पक्ष बदलला नाही. हात बदलला होता.

दुसरे खेळणे लोखंडाचे आहे. युद्ध संपल्यावर पांडव धृतराष्ट्राच्या भेटीस गेले. आंधळ्या राजाने युधिष्ठिराला आलिंगन दिले आणि मग भीमाला जवळ बोलाविले. त्या बोलावण्यातला अग्नी श्रीकृष्णाने ओळखला. त्याने भीमाला हाताने मागे सारले आणि त्याच्या जागी भीमाची लोखंडी प्रतिमा पुढे केली. शंभर पुत्रांचा बाप त्या प्रतिमेला कवटाळून तिचा चुरा करतो, स्वतःची छाती फोडून घेतो, तोंडातून रक्त येते, तो कोसळतो. आणि राग ओसरताच ‘हाय भीमा’ म्हणून रडू लागतो. तेव्हा श्रीकृष्ण त्याला सांगतो की मेला तो भीम नव्हे. ही तर तुझ्याच पुत्राने करविलेली मूर्ती होती.

दुर्योधनाने ती मूर्ती करविली होती द्वेषापोटी. तिच्यावर गदेचे घाव घालण्याचा तो सराव करी, अशी परंपरा आहे. आपण जे खेळणे वैऱ्याला मारण्यासाठी घडविले तेच एके दिवशी त्याचे प्राण वाचवील, आणि आपल्याच बापाचा क्रोध त्यात जिरून जाईल, हे त्याच्या ध्यानीमनी नसेल. पोलादाच्या नगरीत ही कथा विशेष मन लावून ऐकावी अशी आहे. त्या मूर्तीच्या लोखंडाला न दुर्योधन कळला, न कृष्ण कळला. एकाने ते द्वेषाला जुंपले, दुसऱ्याने करुणेला.

येथे गीतेच्या अठराव्या अध्यायातील ६१ वा श्लोक आठवावा. ईश्वर सर्व भूतांच्या हृदयात राहतो आणि यंत्रावर चढविल्याप्रमाणे त्यांना आपल्या मायेने फिरवितो, असा त्याचा आशय. शंकराचार्यांनी भाष्यात लाकडी बाहुल्यांचा दृष्टान्त देऊन तो उलगडला आहे. जुन्या मराठीत अशा सूत्राने नाचणाऱ्या बाहुलीला ‘साइखडे’ असा गोड शब्द होता. म्हणजे तंबोरा, फासे, लोखंडी भीम ही खेळणी ज्यांच्या हाती आहेत ते हातही खेळणीच आहेत, असे भगवंत सांगतात. आणि येथेच साधकाची खरी अडचण सुरू होते. सगळीच बाहुल्या, तर दुर्योधनाचा अपराध कोणता? सत् आणि असत् यांचे युद्ध हे एकाच सूत्रधाराच्या दोन हातांचे युद्ध ठरणार नाही काय?

ही शंका अर्जुनाने विचारली नाही. ती मांडली दुर्योधनाने. ‘पांडवगीता’ या स्तोत्रसंग्रहात त्याच्या तोंडी प्रसिद्ध वचने आहेत. धर्म कोणता ते मला कळते, पण माझी त्याकडे प्रवृत्ती होत नाही. अधर्मही कळतो, पण त्यापासून निवृत्ती होत नाही. हृदयातला कोणी देव नेमील तसे मी करतो, असे तो म्हणतो. पुढे तो मधुसूदनाला विनवितो की, मी यंत्र, तू यंत्र चालविणारा, तेव्हा मला दोष देऊ नकोस. शब्द पाहिले तर गीतेचेच! भक्ताच्या तोंडी ते शोभले असते. मग ते येथे खटकतात का?

याचे उत्तर दुर्योधनाच्या तत्त्वज्ञानात शोधून सापडत नाही; त्याच्या वागण्यात सापडते. उद्योगपर्वात श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास आला तेव्हा याच दुर्योधनाने कर्ण, शकुनी आणि दुःशासन यांच्याशी मसलत करून त्याला बांधून ठेवण्याचा बेत केला. जो ‘तू चालविणारा’ म्हणतो तोच चालविणाऱ्याला दोरखंडाने बांधू पाहतो! गोकुळात यशोदेनेही त्याला बांधावयाला दोरी आणली होती. ती दोन बोटे कमी पडत राहिली, आई घामाघूम झाली, आणि तिचे श्रम पाहून तो आपण होऊन बांधला गेला. कृष्ण बांधला जात नाही असे नाही. पण दुर्योधनाला ईश्वर यंत्री म्हणून हवा होता तो फक्त दोष वाटून घेण्याच्या वेळी. राज्य वाटून घेण्याच्या वेळी सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी द्यावयाची नव्हती.

गीतेत ६१ व्या श्लोकावर प्रकरण थांबलेले नाही, हे पुष्कळदा विसरले जाते. ६२ व्या श्लोकात भगवंत अर्जुनाला त्याच हृदयस्थ ईश्वराला सर्वभावाने शरण जाण्यास सांगतात. आणि ६३ व्या श्लोकात तर आश्चर्यच आहे. एवढे ज्ञान सांगून झाल्यावर ते म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. कोणता बाहुलीवाला आपल्या बाहुलीला असे विचारतो? दोरी हातात असून तो ती सैल सोडतो आणि वाट पाहतो. अर्जुनानेही लागलीच होकार भरला नाही. त्याचे उत्तर ७३ व्या श्लोकात येते. मधल्या श्लोकांत भगवंत आणखी बोलतात खरे, पण वाट पाहणे त्यांनी सोडले आहे असे दिसत नाही. यंत्र म्हणजे आपापला स्वभाव, ज्याच्यावर जीव चढून बसला आहे. त्यावरून उतरता येत नसेलही, परंतु कोणाच्या स्वाधीन होऊन त्यावर बसावयाचे हे विचारले गेले आहे, आणि उत्तर जीवाने द्यावयाचे आहे.

अशी विचारणा कुरुक्षेत्रावरच होते असे नाही. तीजनबाईंचे लग्न १२ व्या वर्षी झाले. बाई असून पांडवानी गाते म्हणून समाजाने त्यांना बाहेर काढले. त्यांनी एक लहानशी झोपडी उभी केली, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून भांडीकुंडी आणि दाणे उसने आणले, पण गाणे सोडले नाही. ‘माझ्या नशिबी हेच होते’ असे म्हणून तंबोरा खुंटीला टांगून ठेवणे सोपे होते. त्याला शास्त्राधारही काढता आला असता. आजोबांकडून कानावर पडलेली भीमाची कथा त्यांनी हातात धरली. पहिला जाहीर कार्यक्रम १३ व्या वर्षी शेजारच्या चंद्रखुरी गावात झाला आणि त्याचे १० रुपये मिळाले. गदा कोठून आली, याचा शोध घ्यावयाचा तर त्या झोपडीपर्यंत जावे लागते. तंबोऱ्यात ती नव्हतीच; आणि ती केवळ आपल्या मनगटात आहे अशी ज्याची समजूत होते, त्याची काय गत होते तेही महाभारताने लपविलेले नाही.

श्रीकृष्ण निजधामास गेल्यावर अर्जुन द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघाला. वाटेत आभीरांनी लाठ्या घेऊन हल्ला केला. खांडववनात इंद्राला थोपविणारे गांडीव त्याने उचलले, तर प्रत्यंचा चढता चढेना. चढली तर अस्त्रे आठवेनात. अक्षय म्हणविणाऱ्या भात्यांतले बाण संपले. अखेरीस तो धनुष्याच्या टोकाने लाठीसारखे वार करू लागला आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रिया ओढून नेल्या गेल्या. मोरपिसांच्या तंबोऱ्याचे गांडीव झाले त्याच्या नेमके उलटे येथे घडले. गांडीवाची काठी झाली. बाहू तेच होते. व्यासांनी त्याला सांगितले की ती अस्त्रे ज्या कामासाठी आली होती ते काम संपले, म्हणून ती आली तशी गेली. अर्जुनाला हे ऐकून समजले असेल. परंतु समजणे निराळे आणि सोडणे निराळे.

पोऱ्याच्या संध्याकाळी छत्तीसगडातल्या मुली मातीचे पोरे घेऊन गावाबाहेर जातात आणि ते भुईवर आपटून फोडतात. त्याला ‘पोरा पटकना’ म्हणतात. सकाळी ज्याला नैवेद्य दाखविला ते सायंकाळी हसत हसत फोडावयाचे, आणि पोरीबाळींना त्याचे काही वाटत नाही. अर्जुनाला मात्र जड गेले. महाप्रस्थानाला निघताना पांडवांनी राज्य सोडले, वल्कले नेसली, पण त्याने गांडीव आणि दोन्ही भाते बरोबर ठेवले होते. रत्नांच्या लोभाने ते सुटले नाहीत, असे महाभारत स्पष्ट सांगते. लौहित्य सागराच्या काठी अग्नी वाट अडवून उभा राहिला. हे धनुष्य मी वरुणाकडून तुझ्यासाठी आणले होते, ते ज्याचे त्याला परत कर, असे तो म्हणाला. भावांनीही आग्रह केला. तेव्हा अर्जुनाने गांडीव पाण्यात सोडले, भाते सोडले, आणि मोकळ्या हातांनी तो पुढे चालू लागला. पाच भाऊ, द्रौपदी, आणि मागोमाग एक कुत्रा.