पाणी लागलं, पण ठाऊक होतं का?

थोरल्या भावाच्या रानात बोअरला दोन इंची पाणी लागलं, तेव्हापासून आमच्या केज तालुक्यातल्या वस्तीवर पाणाड्याचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो वावरभर फिरला, नारळ उभा राहिला तिथं खूण केली आणि दोनशे फुटांच्या आत पाणी आहे म्हणाला. लागलं. "त्याला ठाऊकच होतं," दादा म्हणतात. माझं म्हणणं, त्याचा विश्वास होता आणि तो खरा निघाला. ठाऊक असणं निराळं.

हा वाद जुना आहे. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तर्कपंडिताने नेमकं पाण्याचंच उदाहरण घेतलं. तहानलेल्या वाटसरूला लांब मृगजळ दिसतं, पाणी समजून तो तिथवर जातो आणि खरोखरच तिथल्या खडकाखाली पाणी सापडतं. समजूत खरी ठरली, तरी त्याला पाण्याचं ज्ञान झालं होतं असं म्हणवत नाही. त्याने पाहिलं ते पाणी नव्हतंच. १९६३ मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकी प्राध्यापकाने जेमतेम तीन पानांच्या लेखात असाच पेच टाकला आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आजतागायत त्याच्याशी झटत आहेत. दादांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाटसरूची तहान भागली ना?" प्रश्न चोख आहे.

पण आमच्याकडे खाली काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरमात, दोन थरांच्या सांध्यात, भेगांत. एक बोअर धो धो चालतो, चार पावलांवरच्या दुसऱ्यातून नुसता फुफाटा उडतो. अशा जमिनीत कुणीही बोट दाखवलं तरी काही बोअर लागणारच. लागला की पाणाड्याचं नाव, कोरडा गेला की आपलं नशीब; कोरड्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. भूजलशास्त्र शिकलेला माणूस यंत्र लावून "शक्यता आहे" एवढंच म्हणतो. कर्ज काढून गाडी बोलावणाऱ्याला शक्यता परवडत नाही, त्याला फूट सांगणारा लागतो. याला मी हसत नाही.

पाणाड्याला भोंदूही म्हणणार नाही. डोळे बांधून चालशील का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "डोळे बांधल्यावर झाड कसं दिसंल?" म्हणजे नारळ हातावर, पण नजर उंबरावर, वारुळावर, जमिनीच्या उतारावर! सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्यावर अख्खा अध्याय आहे आणि त्यातही झाडं, वारुळं याच खुणा आहेत. त्या सगळ्या बरोबर असतील असं नाही. पण उंबराजवळ पाणी लागलं नाही, तर उंबराबद्दलची समजूत बदलावी लागते. नारळ चुकला की मात्र कारण तयार असतं: कुणाची तरी सावली पडली.

दादांना आता खालच्या अंगाला दुसरा बोअर घ्यायचाय. पाणाड्या तोच बोलवा, पैसेही तेवढेच द्या, असं मी सुचवलंय. फक्त नारळ घरी ठेवायचा आणि चालताना काय काय बघतोस ते बोलत जायचं. मी वहीत उतरवून घेईन. दादा तयार आहेत. पाणाड्याचंच अजून ठरत नाही.