खेळाचा धनी कोण?

ज्यानें खेळ रचिला तो त्याचा धनी, कीं जे तो खेळतात ते? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु नियम करणारा आणि नियम पाळणारा यांचें परस्परांशीं नातें कसें असावें, हा राज्यशास्त्रांतील जुनाच पेच येथें लहान पटावर मांडलेला आहे. आणि लहान पटावर सोंगट्या अधिक स्पष्ट दिसतात.

आमच्या ऐरोलींत या प्रश्नाचीं दोन्ही टोकें जवळजवळ नांदतात. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर आगरी-कोळ्यांचें जुनें गांवठाण आहे. एका जगांतील खेळ कोणी तरी मेजाशीं बसून रचतो व ते लाखों अनोळखी माणसांच्या हातीं पडतात. दुसऱ्या जगांतील कबड्डीला, म्हणजे आपल्या जुन्या हुतूतूला, असा कोणी एक कर्ताच नाहीं.

हुतूतूपासूनच आरंभ करूं. पूर्वी त्याच्या संजीवनी, गामिनी व अमर अशा निरनिराळ्या तऱ्हा होत्या. गामिनींत बाद झालेला गडी आपला सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. संजीवनींत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला कीं आपला बाद झालेला एक गडी उठून पुन्हां आंत येई. अमरमध्यें कोणी बाहेर जातच नसे. केवळ गुण मोजले जात. गांवाचा गांवाशीं सामना व्हावयाचा तर यांतून एक तऱ्हा निवडणें भागच होतें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं खो-खोचे नियम बांधिले. बडोद्यास १९२३ सालीं हुतूतूचे नियम प्रसिद्ध झाले. हीं माणसें खेळ नव्यानें निर्माण करीत नव्हतीं; खेळणाऱ्यांचा रिवाज पाखडून, निवडून घेत होतीं. आज जी कबड्डी देशोदेशीं खेळली जाते ती संजीवनीच्या वळणाची आहे. या निवडींत मला एक नीति दिसते. नियमाची परीक्षा जिंकणाऱ्याकडे पाहून होत नाहीं. ती रेषेबाहेर बसलेल्या गड्याकडे पाहून होते. त्याला परत येण्याची आशा आहे कीं नाहीं, हें नियम करणारानें प्रथम पाहिलें पाहिजे.

आतां दुसऱ्या टोकाकडे वळूं. नवी मुंबईंतील गेमेशन या कंपनीनें २०१६ सालीं ‘लुडो किंग’ हा मोबाइलवरील खेळ बाजारांत आणिला, आणि २०२० च्या टाळेबंदींत तो घरोघरीं पोंचला. त्याच वर्षीं खेळतां खेळतां एकमेकांशीं बोलण्याची सोय त्यांत झाली, हें मला अर्थपूर्ण वाटतें. पटाभोवतीं बसणाऱ्यांना सोंगट्यांइतकीच थट्टामस्करीही हवी असते. ती नसली तर राहतो तो केवळ हिशेब.

परंतु खेळणाऱ्याचें सर्वच म्हणणें मान्य करावें काय? लुडोंत सोंगटी बाहेर काढण्यास सहाचें दान लागतें. तें पडेनासें झालें म्हणजे हरणारा म्हणतो, फांसा खोटा आहे. गणित पाहिलें तर खरा फांसा दहा वेळां टाकूनही एकदांही सहा न पडण्याचा संभव शेंकडा सोळा आहे. म्हणजे शंभर जण खेळावयास बसले तर सुमारें सोळांच्या वांट्यास हें दुर्दैव कपटावांचूनच येणार. त्यांचें दुःख खरें, पण त्यांचा तर्क चुकीचा. येथें रचनाकारानें दयाबुद्धीनें फांस्याला हळूच हात लाविला, तर तो शकुनीच होईल. हेतु मात्र गोड. त्याचें कर्तव्य फांसा कसा चालतो हें उघड करून सांगण्याचें आहे. दुखतें कोठें तें रोग्यानें सांगावें; औषध वैद्यानें ठरवावें. रोग्याचें न ऐकणारा वैद्य गर्विष्ठ होय, आणि रोगी मागेल तेंच औषध देणारा लबाड होय.

कोणी म्हणेल, आतां खेळणाऱ्यास विचारण्याचें कारणच काय? कोण किती वेळ खेळला, कोठें कंटाळला, याची नोंद यंत्र आपोआप ठेवतें. ही नोंद उपयोगी आहे, पण ती म्हणजे ऐकणें नव्हे. माणूस किती वेळ थांबला हें आंकडा सांगतो. आनंदानें थांबला कीं बेडी पडल्यामुळें, हें सांगत नाहीं. गुत्त्यावरचें गिऱ्हाईकही रोज येतें. तेवढ्यावरून गुत्तेवाल्यानें लोकसेवेचा दावा केला तर आपण हंसूं.

याहून अवघड गोष्ट निराळीच आहे. खेळाची झळ न खेळणाऱ्यांनाही लागते. कौरवसभेंतील द्यूतांत द्रौपदी खेळत नव्हती. ती पणाला लागली. जो आधीं स्वतःस हरला त्याला मला पणास लावण्याचा अधिकार कोठून आला, हा तिचा प्रश्न सर्व सभेनें ऐकिला. भीष्मही धर्माची गति सूक्ष्म म्हणून थांबले. प्रश्न कानीं पडणें निराळें आणि त्याचें उत्तर देणें निराळें, हें त्या सभेनें कायमचें दाखवून ठेविलें आहे. आपल्याकडे पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेला २०२५ सालीं करावा लागला. कायद्याचा मार्ग योग्य कीं अयोग्य यावर मतभेद असूं शकतील; पण ज्या घरांतील पगार पटावर गेला त्या घरांतील गाऱ्हाणें खेळ रचणारांनीं वेळींच मनावर घेतलें असतें, तर तें संसदेच्या दारापर्यंत जाण्याचें कारण फारसें उरलें नसतें.

तेव्हां धनी कोण? मला वाटतें, रचणारा हा धनी नसून विश्वस्त आहे. त्यानें नियम उघडे ठेवावे, चालू डावांत ते बदलूं नयेत, आणि आलेल्या तक्रारीस, ती नाकारावयाची असली तरी, कारणासह उत्तर द्यावें. मोठ्यानें बोलणारे पुष्कळदां जिंकणारेच असतात. त्यांचें तर तो ऐकेलच. जो मुकाट्यानें उठून गेला त्याच्याकडे मात्र त्याला स्वतः जावें लागेल.