अंतर कशाने मोजावे?

मुंबईहून लंडन आकाशमार्गाने सुमारे ७,२०० किलोमीटर. विमानाला जायला नऊ-दहा तास लागतात, येताना मात्र ते थोडे लवकर पोहोचते. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तो जाताना तोंडावर असतो आणि येताना पाठीशी. म्हणजे पाहा माऊली, वाट तेवढीच, पण जाण्याचा काळ निराळा आणि येण्याचा निराळा. मग दोन गावांतले अंतर कोणते धरावे, कोसांचे की तासांचे?

१८९१ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन लंडनहून निघाले. १२ जूनला बोटीत बसले, ते जुलैच्या आरंभी मुंबईस उतरले. ते विलायतेत असतानाच आई वारली होती. थोरल्या भावाने तिकडे कळवले नाही, मुंबईत पाऊल ठेवल्यावर सांगितले. अशा मुलाला ‘का आला नाहीस’ असे कोण विचारील? आडवा समुद्र होता. समुद्राने त्याचा दोष आपल्या पोटात घातला.

आज तो समुद्र दहा तासांचा झाला, आणि दोष पोटात घालणारा कोणी उरला नाही.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो: रजा नाही, व्हिसाची अडचण, भाडे परवडत नाही. ही कारणे खोटी नाहीत, त्यांना हसू नये. आईबापही काही कमी नसतात. ‘तुझी कामे सोडून येऊ नकोस’ असे फोनवर म्हणायचे आणि मागाहून दिवस मोजत बसायचे! पण एकाच वाड्यात मधे भिंत घालून राहणारे, कीर्तनाला एका मांडवात येऊन एकमेकांकडे न पाहणारे भाऊ मी गावोगाव पाहिले आहेत. त्यांच्यात किती किलोमीटर म्हणावेत? आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. अंतर म्हणजे लांबी, अंतर म्हणजे हृदयही. माणूस गेले की ‘अंतरले’ म्हणतो, आणि शब्द देताना ‘अंतर देणार नाही’ म्हणतो.

कोणी म्हणेल, बुवा, तुम्ही वारकरी, तुम्हाला वेगाचे वावडे. आळंदी ते पंढरी सुमारे अडीचशे किलोमीटर. विमानाच्या वेगाने ती जेमतेम पाव तासाची वाट, आणि पालखी अडीच आठवड्यांहून अधिक चालते. खरे आहे. वारीत चालणे हीच सेवा, म्हणून तिथे घाई नाही. पण आई अंथरुणाला खिळली असता तीच संथ गती लावणे हा मला अधर्म वाटतो. तेव्हा मिळेल ते विमान गाठावे.

परदेशातून धावत आलेली मुले अलीकडे मला विचारतात, ‘महाराज, रजा आठच दिवसांची, दहावे-तेरावे लवकर उरकले तर चालेल का?’ मी सांगतो, विधीचे तुमच्या गुरुजींना विचारा. तोवर रात्री वडिलांच्या खोलीत अंथरूण घाल. ते काही बोलणार नाहीत, तूही बोलू नकोस.