पुस्तक मिटल्यावर काय उरते?



आपल्यापैकी पुष्कळांना शिक्षकावाचून, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून शिकावे लागते. येथे तारकर्लीत हंगामात दिवसभर पर्यटकांच्या होड्यांवर राबून, रात्री १७ नंबरच्या अर्जाने बारावीचा अभ्यास करणारी मुले आहेत. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांवर पदवी मिळवू पाहणाऱ्या गृहिणी आहेत. यांना रोज प्रश्न विचारणारा कोणी नाही. मग 'मला आले' हे ठरवायचे कोणी? ज्याचे त्यानेच. म्हणून हा प्रश्न अभ्यासाचा तसाच शीलाचाही आहे.

एकच धडा चार-पाच वेळा वाचला की शब्द ओळखीचे होतात, आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. अमेरिकेत रोएडिगर व कार्पिके या संशोधकांनी २००६ साली हे तपासून पाहिले. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो वाचून बाजूस ठेवला व आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. आणि गंमत अशी की, 'आमच्या जास्त लक्षात राहील' हा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता!

तेव्हा एक मुद्दा वाचा, पुस्तक मिटा, आणि घरातल्या कोणालाही तो आपल्या मालवणीत सांगा. जेथे अडाल तेथे खूण करा व तेवढेच पुन्हा उघडून पाहा. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, पुन्हा न पाहता सांगा. गणिताचे सोडवलेले उदाहरण झाकून सोडवा. कामावरून दमून आलेल्याला हे नकोसे वाटते, हे मी वर्गात नित्य पाहतो. कारण यात आपले अज्ञान उघडे पडते. पण पेंगत दोन तास वाचण्यापेक्षा असा अर्धा तास मला मोलाचा वाटतो.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत स्वप्रयत्नाने शिकले. पालीचा शब्दकोश व व्याकरण यांवरही त्यांनी परिश्रम केले. ते काम १९९८ साली शासनाने त्यांच्या ग्रंथमालेत छापले. आपण मात्र पंचशील पालीत घडाघडा म्हणतो. त्यातील प्रत्येक शीलाला 'सिक्खापद' म्हटले आहे, म्हणजे शिकण्याचा पाठ. चौथे शील खोटे न बोलण्याचे. न येणाऱ्या गोष्टीला 'येते' म्हणणे, तेही स्वतःशीच, यातून कसे सुटेल?

आज रात्री वंदनेची पुस्तिका मिटून पाचही शिलांचा अर्थ मुलांना आपल्या बोलीत सांगून पाहा. कोठे अडलात ते वहीत लिहून ठेवा.