आधी काय, मग काय?

चेहऱ्यावर आधी पातळ सीरम, मग घट्ट क्रीम आणि सकाळी सर्वांत शेवटी सनस्क्रीन, हा क्रम कशामुळे बंधनकारक ठरतो? प्रश्न प्रसाधनाचा असला, तरी त्याची मांडणी पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने, फार पूर्वी केली आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा पाचवा अध्याय क्रमालाच वाहिलेला आहे.

क्रम ठरवणारी प्रमाणे सहा: श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती. आधीचे प्रमाण नंतरच्यापेक्षा बलवान. ‘हे करून ते करावे’ असे स्पष्ट सांगितले की श्रुतिक्रम. अर्थक्रमाचे प्रसिद्ध उदाहरण अग्निहोत्राचे आहे. तेथे होमाचा उल्लेख आधी येतो आणि यवागू, म्हणजे पेज, शिजवण्याचा नंतर. पण न शिजलेल्या पेजेची आहुती देणार कशी? म्हणून पाठ, म्हणजे वाक्यांचा लिखित क्रम, बाजूला सारून प्रयोजनाप्रमाणे शिजवणे आधी. सीरमचा क्रमही याच जातीचा: तेलकट थराखाली पाणीदार द्रव्य नीट पोहोचत नाही, मग बाटल्या कपाटात कशाही मांडलेल्या असोत.

देवपूजेतल्या पंचामृतस्नानाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. दूध, दही, तूप, मध, साखर, आणि प्रत्येकानंतर शुद्धोदक, म्हणजे शुद्ध पाणी. साखर चोळल्याने तुपामधाचा ओशटपणा निघतो, असे दृष्ट, म्हणजे डोळ्यांना दिसणारे, प्रयोजन दाखवता येईल. पण दुधानंतरच दही का, याला तसे उत्तर सापडत नाही. अशा ठिकाणी मीमांसक अदृष्ट, म्हणजे न दिसणारे, फल मानतो आणि पाठक्रम पाळतो. प्रसाधनात मात्र अदृष्टाला जागा नाही. परिणाम दिसला नाही, तर क्रम बदलायला कोणाचीच हरकत नसते.