वाटा कोणाचा?

ठाकुर्लीनजीक चोळे येथील रेल्वेचे वीजघर १९२९ साली सुरू झाले. ते बंद पडूनही आता बरीच वर्षे लोटली आहेत. ठाणे-कल्याण मार्गावरील गाड्या मात्र त्यानंतरही बरीच वर्षे १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवरच धावत होत्या. त्या पद्धतीत गाडीवरील तारेस दोन्ही बाजूंच्या उपकेंद्रांतून एकाच वेळी वीज मिळे. समजा, अशी दोन उपकेंद्रे सहा किलोमीटर अंतरावर आहेत, आणि पहिल्यापासून दोन किलोमीटरवर असलेली गाडी १५०० अँपिअर प्रवाह घेत आहे. दोहोंचा दाब सारखा असेल, तर जवळचे उपकेंद्र १००० आणि दूरचे ५०० अँपिअर देईल. येथवर वाटणीबद्दल कोणाचीच तक्रार असावयाचे कारण नाही.

दाब सारखे नसले म्हणजे मात्र हिशेब गुंतागुंतीचा होतो. त्याकरिता अध्यारोपणाचा मार्ग आहे. हेल्महोल्ट्झ याने तो १८५३ साली मांडला. एक उगम जागता ठेवावा, बाकीच्यांचा दाब शून्य मानून त्यांचा केवळ अंतर्गत रोध मंडलात राहू द्यावा, आणि अशी एकेकाची उत्तरे अखेरीस चिन्हांसह मिळवावी. उत्तर बिनचूक येते. प्रश्न असा, की या रीतीने जो ज्याचा भाग निघाला, तो खरोखर त्याचाच म्हणावा काय?

एक घट ६ व्होल्टचा, दुसरा ३ व्होल्टचा. प्रत्येकाचा अंतर्गत रोध १ ओहम. दोन्ही एका १ ओहमच्या दिव्यास शेजारी-शेजारी जोडले. अध्यारोपणाने पहिल्याचा भाग २ अँपिअर निघतो, दुसऱ्याचा १. दिव्यात ३ अँपिअर वाहतात. आता दुसऱ्या घटाच्या तारेत मापक घालून पाहावा, तर तेथे प्रवाह शून्य! तो घट मंडलातून अजिबात काढून टाकला तरी दिव्यातील प्रवाह तीनच राहतो. ‘एकटा असता तर त्याने किती केले असते’ आणि ‘तो नसता तर किती उणे पडले असते’ हे दोन प्रश्न आपण नित्य एकच समजतो. घराची वाटणी होताना धाकट्या भावाविषयी हे दोन्ही प्रश्न आलटून पालटून विचारले जातात, आणि ज्याला जे उत्तर सोयीचे, ते तो धरून बसतो.

बरे, तो धाकटा घट निरुपयोगी म्हणून सोडून द्यावा, तर दिव्याचा रोध अर्ध्या ओहमवर आणून पाहावे. भार वाढताच तोच घट पाऊण अँपिअर देऊ लागतो. उलट दिवा काढून घेतला, तर थोरल्याकडून दीड अँपिअर तोच घेत बसतो. घट बदललेला नाही. त्याच्यापुढील ओझे तेवढे बदलले. सुखाच्या दिवसांतील जमाखर्चावरून आश्रित ठरविलेला मनुष्य अडचणीच्या वर्षी काय देईल, हे त्या वहीत कसे सापडावे?

उष्णतेच्या बाबतीत तर वाटणीच खुंटते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. पहिल्या दिव्यात २ अँपिअरची उष्णता ४ वॉट, १ अँपिअरची १ वॉट. परंतु ३ अँपिअरची होते ९ वॉट. मधले ४ वॉट कोणाच्या नावे लिहावे? ते दोघे एकत्र आल्याने निर्माण झाले. ते अमक्याचे म्हणणारा गणिती मला ठाऊक नाही, वकील पुष्कळ सापडतील. वेदान्तात अध्यारोपाच्या मागून अपवाद येतो. प्रथम आरोप करून समजावून द्यावयाचे आणि मग तो आरोप मागे घ्यावयाचा. वाटे पाडणारे पहिल्याच पायरीवर थांबतात.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर आता २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आहे. तीत तारेच्या एका तुकड्यास एका वेळी एकाच उपकेंद्राची वीज असते, आणि दोन उपकेंद्रांच्या हद्दींमध्ये विजेवाचून एक लहानसा तुकडा ठेवलेला असतो. हिशेब स्वच्छ राहतो. त्या तुकड्याखालून गाडी आधीच्या वेगावरच पुढे सरकते.